दिलगिरी बड्यांना, फटका आम्हाला

महोदय,

‘इंटेलची दिलगिरी’ हे कालच्या अंकातील वृत्त वाचले. संगणकाचे प्रोसेसर, म्हणजे त्यातील मुख्य चिप, बनवणाऱ्या या कंपनीच्या विक्रीप्रमुख मिशेल जॉन्स्टन होल्टहॉस यांनी २० नोव्हेंबर २०१९च्या पत्रात प्रोसेसरच्या पुरवठ्यातील विलंबाबद्दल ग्राहकांची माफी मागितली, याचे आपल्या वार्ताहराला फारच कौतुक वाटलेले दिसते. ते पत्र कंपनीच्या ग्राहकांना आणि भागीदारांना होते. माझ्यासारख्या संगणक जुळवून देणाऱ्या दुकानदाराला साधे पोस्टकार्डही आलेले नाही.

कंपनीचे तेव्हाचे हंगामी प्रमुख बॉब स्वान यांनी सप्टेंबर २०१८ मध्येच सर्व्हरसाठीच्या झिऑन आणि वरच्या दर्जाच्या संगणकांसाठीच्या कोअर प्रोसेसरना प्राधान्य देत असल्याचे आणि स्वस्त संगणकांसाठी टंचाई अधिक असल्याचे जाहीर केले होते. त्याचा अर्थ मला त्या दसऱ्याला कळला. एका शाळेची वीस संगणकांची ऑर्डर मी पेंटियम या स्वस्त प्रोसेसरच्या जुन्या दराने घेऊन बसलो होतो. पुरवठादाराने नऊच प्रोसेसर दिले, तेही दीडपट दराने, आणि बाकीच्यांसाठी ‘वरूनच माल नाही’ हे एकच पालुपद लावले. शाळेत यंत्रपूजा ठरलेली असल्याने मी वीसही कॅबिनेट नेऊन मांडली आणि मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांतल्या अकरा रिकाम्या डब्यांनाही तितक्याच भक्तिभावाने हळदकुंकू वाहिले. नंतर त्यांनी ‘आता सुरू करून दाखवा’ म्हटले, तेव्हा मी काय केले असेल ते आपणच ताडावे.

आता कंपनी बाहेरच्या फाउंड्रींकडून (दुसऱ्यांच्या चिप बनवून देणाऱ्या कारखान्यांकडून) अधिक काम करून घेणार म्हटल्यावर वार्ताहराने टंचाई संपल्याचेच ठरवून टाकले आहे. प्रोसेसरचा आराखडा एका कारखान्याच्या प्रक्रियेवर बेतलेला असतो. तो उचलून दुसऱ्याकडे दिला आणि माल आला, असे होत नाही, आराखडा नव्या प्रक्रियेसाठी पुन्हा बेतावा लागतो आणि मास्क, म्हणजे चिपवर नक्षी उमटवण्याचे साचेही, नव्याने करावे लागतात. दिवाळीच्या गर्दीत शिंपी काजेबटणे बाहेर देतो, बेतणे-शिवणे स्वतःकडे ठेवतो, तसाच हाही प्रकार आहे: बाहेर काम देऊन स्वतःच्या कारखान्यांत अधिक प्रोसेसर काढायचे, असे त्या पत्रातच म्हटले आहे. दुसऱ्या सहामाहीत पुरवठा दोन अंकी टक्क्यांनी वाढवूनही मागणी पुढेच गेल्याची कबुलीही त्यातच आहे. मग मोकळी झालेली जागा झिऑनला मिळणार की पेंटियमला, हा प्रश्न वार्ताहराला का पडू नये?

आणखी एक. वृत्तात ‘१४ मिलिमीटरची चिप’ असे दोनदा छापले आहे. तो आकडा नॅनोमीटरमध्ये असतो आणि चिपच्या आकाराचा नव्हे, तर कारखान्यातील प्रक्रियेच्या पिढीचा असतो. एवढे तपासण्यासाठी तरी आपल्याला बाहेरून माणूस आणावा लागू नये.

— एक वाचक, सातारा