विषय : ‘वऱ्हाड’ नीट न उमटण्याबाबत आणि इतरही बरंच काही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनला सहावा फोन झाला. चाळीस मिनिटांचा. तो ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं, तेही जुन्या मशीनवर, कारण तुमच्या डीटीपी सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर माझा विश्वास उरलेला नाही.

अपडेट टाकल्यापासून टाइप वन, म्हणजे जुन्या पद्धतीचे फॉन्ट, मेन्यूतून गायब आहेत. ठीक आहे. अक्षरांसाठी जेमतेम 256 खणांचा फॉन्ट किती दिवस पुरणार, एवढं मलाही कळतं. तक्रार त्याची नाही. ‘मजकूर आपोआप युनिकोडमध्ये बदला’ हे जे बटण दिलंत, त्याची आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक, तो नीट द्यायचं काम त्या बटणाचं.

शाहूपुरीत माझा डीटीपीचा गाळा आहे. नवरदेव कोल्हापूरचा, नवरी गोकाकची. पत्रिका मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. मराठी मजकूर जुन्या फाइलीतला, टाइप वनचा. कन्नड ओपनटाइपमध्ये, इंग्रजी ट्रूटाइपमध्ये, म्हणजे दोन्ही नव्या पद्धतीच्या फॉन्टांत. तुमचं बटण दाबलं आणि ‘वऱ्हाडी मंडळींसाठी बस’चं ‘वर्हाडी’ झालं. जुन्या फॉन्टात त्या अर्ध्या र ला स्वतःचा खण होता. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याचा ऱ घ्यावा लागतो, नाहीतर र आणि हलन्तानंतर झेडडब्ल्यूजे, ते न दिसणारं जोडचिन्ह. तुमच्या बटणाने साधा र टाकला आणि हात झटकले, मग रफार जाऊन बसला ह च्या डोक्यावर. हे तुम्हाला मी शिकवायचं? कन्नडची ओत्ताक्षरं, म्हणजे अक्षराखाली लटकणारी जोडाक्षरं, खालच्या ओळीतल्या वेलांट्यांत घुसली, ते आणखी वेगळंच.

तर आजचा फोन. तुमच्या हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणाला, “सर, लँग्वेज हिंदी करा.”
म्हटलं, मजकूर मराठी आहे.
“सेमच ना सर, देवनागरीच.”
म्हटलं, बाबा, मराठीचा ल आणि श वेगळा. चांगल्या फॉन्टात ते आकार असतात, पण भाषा मराठी सांगितली तरच येतात. आणि भाषा कुठली निवडली याचा त्या बिघडलेल्या र शी काही संबंध नाही. तो गप्प. कीबोर्ड वाजल्याचा आवाज आला, शेजारी कुणाला तरी विचारलं असावं. मग परत आला, अगदी उत्साहात :
“सर, शब्दच बदला ना. वऱ्हाडच्या जागी बारात लिहा.”

बारात. कोल्हापुरात.

कन्नडचं काय, विचारलं. “इमेज करून टाका सर.” मी आवाज चढवला नाही. कॉल रेकॉर्ड होतो म्हणता ना, मग एकदा बसून ऐकाच. खोक्यावर ‘सर्व भारतीय भाषांसाठी’ छापलंय तेही वाचा. की तिथंही इमेजच टाकलीय?

500 पत्रिका रद्दीत गेल्या. प्रूफ मी नीट बघितलं नाही, कबूल. पण आधीच्या आवृत्तीत तपासलेली फाइल पुन्हा अक्षर न् अक्षर वाचावी लागेल, हे बटणाखाली कुठं लिहिलं होतं? पुन्हा सांगतो, टाइप वन गेला त्याचं दुःख नाही. बटणाचं आहे.

जुनी आवृत्ती, ती चालू करायच्या चावीसकट, परत द्या आणि छपाईचा खर्च द्या. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ‘धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ हे उत्तर तयार असेल तर ठेवून द्या. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते. बारा वर्षं तुमचंच सॉफ्टवेअर वापरतोय, दुसऱ्या चौघांना घ्यायला लावलं. आता त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते.

उत्तर मराठीत पाठवा, त्याच बटणातून काढून. आणि त्यात ‘वऱ्हाड’ हा शब्द घाला.

अजून तरी तुमचा ग्राहक,
शाहूपुरी, कोल्हापूर