झडपेचा आवाज बसला तेव्हा

महोदय,

हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाला घरी सोडताना ‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ हे सगळेच सांगतात; पण त्या झडपेवर रक्ताची गुठळी कशी धरते, ती धरल्याचे घरच्यांनी कसे ओळखावे आणि रक्त पातळ करणारी गोळी परस्पर का थांबवू नये, हे समोर बसवून क्वचितच कोणी समजावते. आम्ही ते उशिरा शिकलो, म्हणून हे पत्र.

माझ्या थोरल्या बहिणीला दोन अर्धगोल पाकळ्यांची यांत्रिक माइट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) झडप बसवली आहे. रात्री सामसूम झाली की शेजारी बसणाऱ्याला तिच्या छातीतली बारीक टिकटिक ऐकू येते. मागे तिचा एक दात काढायचा होता, तेव्हा गोळी आठ दिवस बंद ठेवण्यास सांगण्यात आले; हृदयविकारतज्ज्ञांना आधी विचारावे, हे सांगणाऱ्याला सुचले नाही आणि आम्हालाही नाही. गोळी पुन्हा सुरू झाली, तरी काही दिवसांत तिला जिना चढताना धाप लागू लागली, आणि एका रात्री ती म्हणाली, “अगं, आवाज बसलाय बघ, कापसात गुंडाळल्यासारखा येतोय.” तिच्या मनाचे खेळ समजून आम्ही दोन दिवस घालवले. रुग्णालयात क्ष-किरणांच्या हलत्या चित्रात दोनपैकी एकच पाकळी उघडमीट करताना दिसली. दुसरी गुठळीने जखडली होती. गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून देताना तिचा तुकडा सुटून मेंदूत जाण्याचा आणि रक्तस्राव होण्याचा असे दोन्ही धोके डॉक्टरांनी आम्हाला सांगितले. त्या रात्री आम्ही तिला सारखे बोलते ठेवत होतो, जीभ अडखळते का ते पाहण्यासाठी. ती वाचली.

यांत्रिक झडपेचा पृष्ठभाग शरीराला परकाच असतो आणि पाकळ्यांच्या बिजागरीपाशी रक्त रेंगाळते. माइट्रल झडपेतून ते महाधमनीच्या झडपेपेक्षा संथ वाहत असल्याने तिथे गुठळीचा धोका अधिक. म्हणून वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमेरॉल ही रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि ‘आयएनआर’, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासावा लागतो. निरोगी माणसात हा आकडा 1 च्या आसपास असतो. यांत्रिक माइट्रल झडप असलेल्यांत तो साधारण 2.5 ते 3.5 ठेवतात. आकडा खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. क्षयावरील रिफॅम्पिसिनसारखे औषध त्याला खाली ओढते. शिवाय बंद केलेली गोळी पुन्हा सुरू केली, तरी पूर्ण परिणाम यायला काही दिवस जातात आणि तेवढे दिवस झडपेला गुठळीपासून पुरेसे संरक्षण नसते. नियमित तपासणीची कटकट टळावी म्हणून नव्या गोळ्या मागणाऱ्यांनी हेही जाणावे, की यांत्रिक झडपेच्या रुग्णांवरील डॅबिगॅट्रान या अशाच एका नव्या गोळीची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपांवर जन्मभर गोळी बहुधा लागत नाही, पण गुठळी त्यांच्यावरही होऊ शकते.

माझी मागणी साधी आहे. झडपेचा प्रकार, ती कुठे बसवली, आयएनआर किती हवा आणि अडचणीत कोणाला फोन करायचा, हे लिहिलेले कार्ड प्रत्येक रुग्णाला घरी जाताना मिळावे. आयएनआर मर्यादेत असेल, तर गोळी चालू ठेवूनही बहुतेक वेळा दात काढता येतो, हे दंतवैद्यांनी आणि आम्ही नातेवाइकांनीही लक्षात ठेवावे. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी तर आधीच हृदयविकारतज्ज्ञांशी बोलावे, कारण त्या काळात औषध बदलताना गुठळीची भीती वाढते. आणि नव्याने धाप लागणे, बोलताना जीभ अडखळणे, हातापायातले बळ जाणे किंवा टिकटिक मंदावणे, यांपैकी काहीही जाणवले तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

आपली नम्र,
एका झडपरुग्णाची बहीण