डोंगरावरच्या आगी आणि पिपिनचं गाणं

नाशिक,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

तू फोनवर म्हणालास की पीटर जॅक्सनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांमधलं संगीत म्हणजे नुसतं तोंडीलावणं, ताट न्यूझीलंडच्या डोंगरांनी आधीच भरलेलं आहे. तेव्हा तुला घाई होती आणि इकडे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, म्हणून सोडून दिलं. पण हे असं सोडून देण्यासारखं नाही, तेव्हा आता सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बस.

दसऱ्याला जोडून सुट्ट्या आल्या, तेव्हा घरी तिन्ही भाग लावले. साधे नाहीत, विस्तारित आवृत्त्या. तिसरा भाग एकटाच चार तासांच्या वर जातो. प्रेक्षक म्हणजे तुझी वहिनी, आमची नववीतली कन्या आणि आपले तबल्याचे मास्तर. मास्तरांनी यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. "इंग्रजी पिक्चरमध्ये मारामारीला जे वाजतं ते वाजणार, दुसरं काय," असं म्हणत ते आले आणि सगळ्यात शेवटी उठले.

तुझं लाडकं दृश्य आधी घेतो. गोंडोरचा कारभारी डेनेथॉर शेजारच्या रोहान राज्याची मदत मागवायला तयार नाही, म्हणून जादूगार गँडाल्फ बुटक्या हॉबिट जातीच्या पिपिनला गुपचूप वर चढवतो, तो पठ्ठ्या तेल ओतून इशाऱ्याची आग लावतो, आणि मग शिखरामागून शिखर पेटत जातं. तू म्हणतोस, हेलिकॉप्टर, बर्फ, ढग आणि जाळ एवढं असल्यावर खाली काहीही वाजवा, अंगावर काटा येणारच. मुळीच नाही. कन्येने ते दृश्य मोबाइलवर सुटं कितीतरी वेळा पाहिलेलं, पार्श्वसंगीतासकट. तिला ते 'भारी' वाटायचं, बस. या वेळी पहिल्या भागापासून सलग पाहिल्यावर मात्र ती सोफ्यावरून खाली उतरून बसली. का, ते सांगतो.

तिथे जी धून फुटते ती गोंडोरची. ती तिथे पहिल्यांदा येत नाही. 2001 च्या पहिल्या भागात एल्फांचा सरदार एलरॉंडच्या दरबारात सभा भरते, डेनेथॉरचा मुलगा बोरोमिर उठून आपल्या मुलखाबद्दल बोलतो, आपल्या माणसांच्या रक्तावर तुम्ही सुरक्षित आहात असं सुनावतो. तेव्हा त्याच्यामागे एकटा हॉर्न हळूच तीच धून वाजवतो. कुणाचं लक्ष जात नाही, कारण आपल्याला तो माणूस तेव्हा आवडतच नाही. मग दुसरा अख्खा भाग जातो आणि तिसऱ्याचीही सुरुवात. संगीतकार हॉवर्ड शोअर ती धून मोकळी सोडायची घाई करत नाही. आणि मग 2003 मध्ये, बोरोमिर मरून दोन वर्षं झाल्यावर (आपल्या कॅलेंडरची दोन वर्षं हं, त्यांची नव्हेत), सगळे ब्रास एकदम ती धून उचलतात. ज्या मुलखासाठी तो माणूस मेला, तो मुलूख आपल्याला तेव्हा कुठे दिसतो. डोंगर तर कुणीही दाखवील रे. पण इतकी वर्षं धीर धरून बसायला कोण तयार होतं?

टॉल्किनच्या मूळ पुस्तकात हे दृश्य असं नाहीच, हे तुला आठवत असेल. तिथे गँडाल्फ आणि पिपिन घोड्यावरून जात असताना आगी आधीच पेटलेल्या दिसतात आणि गँडाल्फ शिखरांची नावं सांगत जातो. सात शिखरं. मला लगेच धोडप किल्ल्यावरची आपली ती रात्र आठवली. माचीवर बसून पूर्वेला कांचना, कोळधेर, राजदेर, इंद्राई, चांदवड आणि पश्चिमेला रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या धरून आपण सातमाळेवर तो निरोप पाठवायचं ठरवत होतो. तू चांदवडला गोंडोरची राजधानी मिनास तिरिथ केलंस आणि मी सप्तशृंगीच्या बाजूला रोहान नेलं. कुठल्या शिखरावर कुणाची ड्यूटी लावायची यावरून भांडण झालं ते निराळंच. असो.

आता राखून ठेवण्याचाच दुसरा नमुना. अंगठी नष्ट करायला नऊ जण मिळून निघतात, त्यांच्यासाठी एक धून आहे. सुरुवातीला तिचे तुकडे येतात. दोघे-तिघे जमतात तेवढीच ती वाजते. एलरॉंडचं रिव्हेंडेल सोडून सगळे एका कड्यावरून ओळीने चालत येतात तेव्हा ती मोकळी, पूर्ण ऐकू येते. मास्तरांनी तिथे मांडीवर हलकेच ठेका धरला होता. पुढे मोरियाच्या खाणीत गँडाल्फ पुलावरून पडतो आणि त्यानंतर ती धून पुन्हा तशी धड राहत नाही. मोडकी, एकेकट्या वाद्यावर, अर्ध्यात सोडलेली अशी बरेचदा येत राहते. मास्तरांना हे कुणीही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या भागात ते आपणहून म्हणाले, "ते नऊ जणांचं होतं ना, ते आता नीट का वाजवत नाहीत?" मी तुझ्या वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आता हे रात्रभर बोलणार."

गँडाल्फ पडल्यानंतरचं आठव. इतका वेळ पुरुषांचा तो खर्जातला कोरस छातीवर बसलेला असतो. त्यात माओरी आणि सामोअन गायक आहेत आणि ते मोरियाचं काम वेलिंग्टनमध्ये ध्वनिमुद्रित झालं. बाकी बहुतेक सगळं लंडन फिलहार्मोनिकने वाजवलंय. गँडाल्फ पडतो आणि तो सगळा गडगडाट जातो. बाण सुटताना दिसतात पण त्यांचा आवाज नाही, माणसं ओरडताना दिसतात पण ओरडणं ऐकू येत नाही. फक्त एका बाईचा आवाज उरतो. तुला तोंडीलावणं म्हणायचं असेल तर हे दृश्य आवाज बंद करून बघ आणि मला कळव.

वाद्यांबद्दल तर तुला सांगितलंच पाहिजे, कारण तू कॉलेजात व्हायोलिनचा क्लास लावून सोडला होतास. रोहानच्या धुनेला जे व्हायोलिनसारखं वाजतं ते साधं व्हायोलिन नाही. नॉर्वेचं हार्डांगर फिडल आहे. वरच्या तारांवर गज फिरतो आणि खाली चार-पाच तारा नुसत्या झंकारत राहतात. मास्तर ताडकन म्हणाले, "म्हणजे तरफा!" मग त्यांना मी हळूच दुसरं सांगितलं. एल्फांच्या लोथलोरियन जंगलात, गॅलाड्रिएलकडे सगळे जातात तिथे, शोअरने चक्क आपली सारंगी घेतली आहे. मास्तरांनी ते दृश्य मागे नेऊन परत लावायला लावलं, मग अजून एकदा. सारंगीला तर तरफा तीसच्या वर असतात. एल्फ मंडळींचं वय हजारो वर्षांचं, त्यांना सारंगी शोभतेच, असा निकाल त्यांनी दिला. गॉलमच्या संगीतात सिंबालोम आहे, आपल्या संतूरच्या जातीचं, काड्यांनी वाजवायचं. त्याचं ते थरथरणं ऐकलं की दातांवर ओरखडा उठल्यासारखं होतं. गॉलम झालेल्या अँडी सर्किसने अर्धं काम केलं असेल तर उरलेल्यातलं बरंचसं त्या वाद्याने केलंय, असं माझं मत.

रोहानचं दृश्य म्हणशील तर मला तिथला राजा थेओडेनच्या भाषणापेक्षा त्याच्या राजधानीतलं, एडोरासचं आगमन जास्त आवडतं. राजाची भाची एओविन पायऱ्यांवर उभी, वाऱ्याने झेंडा फाटून उडतो आणि खाली येणाऱ्या ॲरागॉर्नच्या वाटेत पडतो, आणि ते एकटं फिडल. या राज्याचं काय झालंय हे कुणी एक वाक्य बोलायच्या आत समजतं. थेओडेनचं ते भाल्यांवरून तलवार फिरवत जाणं चांगलंच आहे, वाईट कोण म्हणतं? थेओडेन झालेला बर्नार्ड हिल 2024 मध्ये गेला, तेव्हा मी तेच लावून बसलो होतो. पण ते सगळ्यांचं लाडकं आहे, त्याला माझ्या वकिलीची गरज नाही.

आयझेनगार्डचं ऐक. दुष्ट जादूगार सारुमानचे कारखाने, झाडं तोडणं, भट्ट्या, आणि वर लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं संगीत. त्यात खरोखरच ऐरणी आहेत, धातूच्या पट्ट्या आहेत, पियानोच्या तारांवर साखळ्या आपटल्या आहेत. आणि ताल पाचाचा. मास्तर दोन आवर्तनांत बोटांवर मोजून मोकळे झाले, म्हणाले, "झपतालाचा अर्धा." मग आम्ही दोघं हॉलमध्ये त्यावर कदमताल करून बघितला. तूही करून बघ. पहिल्या आवर्तनात सम डाव्या पायावर येते, दुसऱ्यात उजव्यावर. सैन्य चालतंय असं वाटतं पण माणसाच्या पायांना ते बसत नाही. मास्तरांचं म्हणणं, आपला नाशिक ढोल ऐकून पाय आपोआप उचलतात आणि हे ऐकून अडखळतात, तेव्हा ज्याने केलं त्याने जाणून केलं. कन्येने या सगळ्याचा व्हिडिओ काढलाय. तो तुला मिळणार नाही.

हेल्म्स डीपच्या लढाईतल्या सारुमानच्या उरुक-हाय सैन्याची ती गर्जना आहे ना, तिची एक गंमत. 2002 मध्ये वेलिंग्टनच्या स्टेडियमवर न्यूझीलंड आणि इंग्लंडचा वनडे सामना चालू होता. मधल्या सुट्टीत जॅक्सन मैदानावर गेला आणि सुमारे 25,000 प्रेक्षकांकडून त्या राक्षसी भाषेतल्या घोषणा म्हणवून घेतल्या. मोठ्या पडद्यावर शब्द दाखवले, छाती बडवायला लावली, पाय आपटायला लावले. मला विचारशील तर हे काम आपल्याकडे वानखेडेवर एका दमात झालं असतं.

पण माझं दृश्य वेगळं आहे, ते शेवटी ठेवलंय. पिपिनचं गाणं. डेनेथॉर आपल्या दुसऱ्या मुलाला, फॅरामिरला, मरायला धाडतो आणि इकडे जेवायला बसतो. पिपिनला म्हणतो, गा काहीतरी. पिपिन म्हणतो, आमची गाणी अशा मोठ्या दालनांसाठी नाहीत. तरी गातो. एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्राचा मालक असलेला शोअर तिथे मागे सरतो. उरतो एक घाबरलेला मुलगा आणि त्याचा गळा. ती चाल पिपिनचं काम करणाऱ्या बिली बॉइडने स्वतः बांधली. शब्द टॉल्किनचेच, पहिल्या पुस्तकात हॉबिट मजेत चालता चालता म्हणतात त्या गाण्यातले. तिकडे घोडे दौडताहेत, इकडे म्हातारा टोमॅटो फोडतोय आणि रस हनुवटीवरून ओघळतोय. बाण सुटतात आणि कॅमेरा परत जेवणावर येतो. कुणी मेलेलं दाखवत नाहीत.

मास्तरांनी त्यावर काहीच मत दिलं नाही. तुझी वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली आणि भांडी आपटत राहिली. तिचं म्हणणं, बापाने असं वागलेलं दाखवायला संगीत लागत नाही आणि बघवतही नाही. तिचं लाडकं दृश्य म्हणजे सॅम अंगठी वाहणाऱ्या फ्रोडोला पाठीवर घेऊन डोंगर चढतो ते. आम्ही दोघं यावरून अजून एकमेकांशी नीट बोलत नाही, म्हणजे मजेने. पण माझं म्हणणं तेच की जो माणूस एवढं वाजवू शकतो त्याने न वाजवायचं ठरवलं, हेच त्याचं सगळ्यात मोठं काम. तू संगीत काढून टाकलं तरी चालेल म्हणतोस, आणि इथे त्यानेच ते काढलंय. पण अकरा तासांच्या सिनेमात नेमकं कुठे काढायचं हे कळायला आधी बाकीचं सगळं वाजवलेलं लागतं.

ऑस्करवाल्यांनी शोअरला पहिल्या आणि तिसऱ्या भागाच्या संगीतासाठी पुरस्कार दिला. दुसऱ्याला साधं नामांकनही नाही. रोहानचं ते फिडल ऐकून कुणाला काही वाटलं नसेल तर आपण काय बोलणार! तिसऱ्या भागाला मात्र अकरा नामांकनं होती आणि अकराच्या अकरा पुरस्कार मिळाले.

शेवट फार लांबलाय ही तुझी जुनी तक्रार. कन्याही "संपला का?" असं दर वेळी पडदा काळा झाला की विचारत होती. मला विचारशील तर त्यातला एकच शेवट कापू देणार नाही. चौघे हॉबिट गावी परत येतात, गुत्त्यात बसतात, आजूबाजूला सगळे एका मोठ्या भोपळ्याचं कौतुक करताहेत आणि या चौघांनी काय केलं ते कुणाला ठाऊकही नाही. ते मग एकमेकांकडे बघतात आणि मग्गे टेकवतात. बाकीचं तू काप, माझी हरकत नाही. ॲनी लेनॉक्सचं गाणं तर नावं वर सरकायला लागल्यावरच येतं, ते ऐकायला आमच्यापैकी मी आणि मास्तरच उरलो होतो.

आता एक काम कर. तू बर्मिंगहॅमला राहतोस आणि अजून सेअरहोलची गिरणी पाहिली नाहीस, याला काय म्हणायचं? टॉल्किन लहानपणी 1896 ते 1900 तिथेच राहायचा, हॉबिटांचं शायर त्याने त्या खेड्यावरून घेतलं. आता तिथे संग्रहालय आहे. एखाद्या रविवारी पोरांना घेऊन जा आणि मास्तरांसाठी फोटो पाठव. ते सारंगीच्या बातमीनंतर एकदम भक्त झालेत आणि शिष्यांना आयझेनगार्डचे पाच शिकवायला निघालेत.

डिसेंबरात येशील तेव्हा तिसरा भाग पुन्हा लावू. वहिनीने सांगितलंय की तू आलास तर पिपिनच्या वेळी तिला बाहेर फिरायला घेऊन जायचं काम तुझं.

मुलांना आशीर्वाद, आईंना नमस्कार.

तुझाच,
गंगापूर रोडवाला

ता. क. गरुडांवर बसून सरळ अंगठी टाकायच्या डोंगरावर का गेले नाहीत, हा प्रश्न यंदा जो काढेल त्याने सगळ्यांच्या मिसळीचे पैसे द्यायचे. हा ठराव तू नसताना एकमताने पास झालाय.