तुझ्या नडगीवरच्या ठिपक्यांबद्दल

प्रिय मित्रा,

फोटो पाहिला. खाली तू लिहिलंयस की उष्णतेचं काहीतरी असेल, एखादं मलम सांग. मलम सांगत नाहीये, रागावू नकोस. त्वचेच्या ओपीडीत बसून मला हेच वारंवार दिसतं की पायावर काही उठलं की माणूस आधी खाजेचं मलम लावतो, मग कोणीतरी सांगितलेलं बुरशीचं, मग स्टेरॉइडचं, आणि आमच्याकडे येतो तोवर दोन-तीन महिने गेलेले असतात. त्वचेवर दिसतं म्हणजे आजार त्वचेचाच असं आपण गृहीत धरतो. तुझ्या बाबतीत मला तसं वाटत नाहीये, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय, नीट वाच.

आधी एक कर. काचेचा साधा पारदर्शक ग्लास घे, त्याची कड किंवा बाजू ठिपक्यावर दाबून धर आणि काचेतून बघ. रंग गेला आणि ग्लास उचलल्यावर परत आला तर रक्त अजून रक्तवाहिनीच्या आतच आहे, वाहिनी फक्त रुंदावलीये. दाबूनही ठिपका तसाच लाल-जांभळा राहिला तर रक्त वाहिनीतून बाहेर पडून त्वचेत सांडलंय. मग डोळे मिट आणि त्यावरून बोट फिरव. बोटाला काहीच लागलं नाही, ठिपके एकदम सपाट आणि टाचणीच्या टोकाएवढे असतील तर प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, कमी आहेत का हे आधी बघावं लागतं. पण ठिपका बोटाला जरासा उंच लागला, दाबल्यावर जातही नाही आणि तो नडगीवर, घोट्याच्या आसपास, मोज्याचं इलॅस्टिक बसतं त्या रेषेवर जास्त असेल तर आम्ही सगळ्यात आधी बारीक रक्तवाहिन्यांच्या सुजेचा विचार करतो, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस. फोटोत मला उंचवटा आहेसं वाटतंय, पण फोटोवरून मी शपथ घेणार नाही, बोट तुझं तूच फिरव.

पायावरच का, असं तू विचारशीलच. उभं राहिलं की खालच्या बारीक शिरांमध्ये दाब वाढतो, रक्त तिथे हळू चालतं, आणि रक्तात फिरणारे प्रतिकारशक्तीचे जे गोळे असतात, म्हणजे अँटिबॉडी आणि तिने पकडलेला पदार्थ यांचे एकत्र चिकटलेले कण, ते नेमके तिथल्या भिंतीत अडकतात. पांढऱ्या पेशी ते साफ करायला धावतात आणि त्या भानगडीत भिंतच खराब होते, मग तांबड्या पेशी बाहेर. म्हणूनच अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला हेच ठिपके पायाऐवजी पाठीवर आणि कुल्ल्यांवर येतात, शरीराचा जो भाग खाली तिथे ते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं, अजूनही वाटतं. पहिल्या दिवशी लाल, मग जांभळट, मग तपकिरी, आणि तो तपकिरी डाग बरेच आठवडे राहतो कारण सांडलेल्या रक्तातलं लोह त्वचेत साचून बसतं. डाग राहिला म्हणजे आजार चालूच आहे असं समजू नकोस, नवीन ठिपके येतायत का एवढं बघ.

कारणं बरीच असतात. घसा दुखत होता का, ताप येऊन गेला का, मागच्या दोन-तीन आठवड्यांत कुठली नवीन गोळी सुरू केलीस का, अँटिबायोटिक किंवा दुखण्याची गोळी, हे सगळं आठवून लिहून ठेव. हेपॅटायटिस बी, सी, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), संधिवात हेही यामागे असू शकतात. आणि कित्येकांना शेवटपर्यंत काही कारण सापडत नाही, आपोआप बरं होतं, तेव्हा आत्ताच घाबरून जायचं काम नाही. पण लघवीची तपासणी उद्याच कर. खरंच, या सगळ्या पत्रातलं एवढं एक केलंस तरी चालेल. त्वचेतल्या बारीक वाहिन्या सुजल्या असतील तर तशाच बारीक वाहिन्या किडनीत गुच्छ करून बसलेल्या असतात, आणि किडनी दुखत नाही रे, ती गुपचूप बिघडते, लघवीत रक्त आणि प्रोटीन जायला लागतं आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. सोबत बीपी आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीये हे सांगणारी रक्ताची तपासणी. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून सोडूनही द्यायचं नाही. लहान मुलांमध्ये याचाच एक प्रकार असतो, ठिपके, पोटदुखी, सांधेदुखी असं सगळं एकत्र, त्यात पुरळ गेल्यावरही काही महिने लघवी तपासत राहतात, ते याचसाठी.

डॉक्टर बायोप्सी म्हणाले तर नाही म्हणू नकोस. तेवढ्याच जागेला भूल देऊन तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, एखादा टाका. फक्त ठिपका ताजा हवा, एक-दोन दिवसांचा, कारण जुन्या ठिपक्यात साफसफाई होऊन गेलेली असते आणि मायक्रोस्कोपखाली काही सांगता येत नाही. म्हणजे महिनाभर मलम लावून मग यायचं यात हाही तोटा आहेच.

आता काकूंचं. तू सहज लिहिलंस की आईच्याही घोट्याजवळ काळपट झालंय, घरातच आहे वाटतं. ते वेगळं आहे, दोन्ही एकत्र करू नकोस. त्यांच्या पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत हे मला आठवतंय. शिरांमधल्या झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त वर चढायच्या ऐवजी खाली साचतं, संध्याकाळी पाय जड, सूज, मग घोट्याच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग, खाज, खपल्या, आणि हळूहळू कातडी कडक होऊन खालच्या हाडाला चिकटल्यासारखी लागते. जखम झाली तर तीही तिथेच, आतल्या घोट्याच्या वर, ओली आणि पसरट. पुष्कळदा याला इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स दिले जातात, आता दोन्ही पाय एकदम सारखेच लाल झाले असतील तर इन्फेक्शन असायची शक्यता तशी कमीच, पण तो विचारच कोणी करत नाही. उपाय म्हणजे पाय वर ठेवणं, चालणं आणि दाब देणारे स्टॉकिंग्ज.

पण स्टॉकिंग्ज दुकानातून आणून घालू नका हं. आधी पायाच्या धमन्या ठीक आहेत का ते बघून घ्या. घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, 0.9 च्या खाली आलं तर धमनी अरुंद झालीये, आणि फारच खाली असेल तर वरून घट्ट मोजा चढवणं म्हणजे जे थोडंफार रक्त पोचतंय तेही अडवणं. डायबिटीस असेल तर धमनी कडक होऊन आकडा खोटाच जास्त येतो, 1.4 च्या वर गेला तर त्यावर विसंबू नये. धमनीचा पाय दिसायलाही वेगळा असतो, थंड, गुळगुळीत चकचकीत, नडगीवरचे केस गेलेले, नखं जाड, जखम बोटांच्या टोकाला किंवा टाचेवर, कोरडी आणि फार दुखणारी. असा माणूस रात्री पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवून झोपतो कारण तेवढ्याने बरं वाटतं. हे कोणी सांगितलं तर पुढचं काही विचारायच्या आधी मी पावलावरची नाडी बघतो.

यावरून तुझ्या तंबाखूचा विषय निघतोच, काय करणार. लिओ बर्गर नावाच्या डॉक्टरने 1908 साली ज्या आजाराचं सविस्तर वर्णन केलं त्याला आज त्याचंच नाव आहे, तरुण वयात तंबाखूमुळे हातापायाच्या वाहिन्या बंद पडत जातात. सुरुवातीला पायावर एखादी शीर लाल दोरीसारखी दुखरी होते, बरी होते, मग दुसरीकडे उठते, आणि माणूस कधीतरी लागलं असेल म्हणून सोडून देतो. मग बोटं काळी पडायला लागतात. तंबाखू पूर्ण सोडली तर बहुतेकांची बोटं वाचतात, कमी केली तर नाही, आणि सिगरेट सोडून चघळायची धरली तरी नाही. तुला तो आजार आहे असं म्हणत नाहीये, पण सोड ना ती.

तुझ्या बायकोची बोटं थंडीत पांढरी पडतात असं तू मागे म्हणाला होतास. आधी पांढरी, मग निळी, मग लाल, दोन्ही हातांना सारखं आणि तरुणपणापासून असेल तर बहुधा निरुपद्रवी. हे रंग बदलणं पॅरिसच्या डॉक्टर मॉरिस रेनोने 1862 मध्येच लिहून ठेवलंय. पण चाळिशीनंतर नव्याने सुरू झालं, एकाच हाताला झालं, किंवा बोटाच्या टोकाला बारीक जखम झाली तर दाखवा. नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगाखाली बघता येतात, त्या वेड्यावाकड्या किंवा मोठ्या झालेल्या दिसल्या तर पुढच्या तपासण्या करतात.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायचीये. लालसरपणा म्हणून पुस्तकांत जे फोटो असतात ते बहुतेक गोऱ्या कातडीचे. सावळ्या त्वचेवर लाल हे लाल दिसतच नाही, ते जांभळट, करडं, कधी नुसतंच गडद दिसतं, आणि म्हणून आपल्यासारख्यांचं निदान उशिरा होतं, याचं मला फार वाईट वाटतं. तेव्हा रंगावर जाऊ नकोस, हाताला गरम लागतंय का, उंच लागतंय का, दुखतंय का ते बघ, दुसऱ्या पायाशी ताडून बघ, तळवे आणि पापणीची आतली बाजू बघ, आणि फोटो काढायचा तर खिडकीच्या उजेडात.

आता तुझ्यापुरतं. लघवी, बीपी, रक्त उद्या. शक्य तेवढा पाय वर ठेवून बस, फार वेळ उभा राहू नकोस, दुखण्याची गोळी मनाने घेऊ नकोस. अपॉइंटमेंट या आठवड्यातली घे. पण पोटात जोरात कळ आली, शौचातून रक्त गेलं, लघवी चहाच्या रंगाची झाली, थुंकीत रक्त दिसलं, ठिपक्यांच्या मध्ये फोड येऊन काळं पडायला लागलं, किंवा चालताना एका पावलाचा पुढचा भाग उचलताच येत नाहीये असं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं, आणि ताप असताना असे न जाणारे ठिपके भराभर वाढले तर त्याच तासाला, रात्रीचे कितीही वाजले असोत. पोचलास की मला फोन कर, तिथल्या डॉक्टरांशी मी बोलतो.

तुझा,
जुना मित्र