'माणूस' या शब्दाखाली दोन रेघा मार

नौपाडा, ठाणे

प्रिय मंजू,

वाशीच्या वाचनगटात गर्भपाताच्या नैतिकतेवर बोलणार आहेस, फार बरं वाटलं. टिपण वाचलं. पहिलं वाक्य मात्र काढून टाक. 'गर्भ हा जीव आहे का?' जीव आहेच, त्यावर भांडण नाही. त्या जीवाचं आपण काय देणं लागतो, यावर आहे.

फळ्यावर तीन ओळी लिही: निरपराध माणसाला मारणं चूक. गर्भ माणूस आहे. म्हणून गर्भपात चूक. मग 'माणूस' या शब्दाखाली दोन्हीकडे रेघ मार. पहिल्या ओळीत तो हक्क असलेली व्यक्ती आहे, दुसरीत मनुष्यजातीचा जीव. शब्द एकच, अर्थ दोन; तिसरी ओळ तिथेच निसटते. हे तत्त्वज्ञ मेरी ॲन वॉरन यांनी १९७३ मध्ये दाखवलं. पण व्यक्ती कुणाला म्हणायचं याची जाणीव, विचार, संवाद अशी त्यांची कसोटी लावली तर नवजात बाळही बाहेर राहतं. कुणीतरी हे विचारेलच, तयारीत राहा.

गर्भपाताला विरोध करणाऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद तत्त्वज्ञ डॉन मार्क्विस यांचा, १९८९चा. 'माणूस कोण' यात ते शिरतच नाहीत. मारणं वाईट का? पुढचं सगळं आयुष्य हिरावलं जातं म्हणून. तेच गर्भाचंही हिरावलं जातं. यावर म्हणता येतं की साधारण चौदाव्या दिवसापर्यंत एकाच भ्रूणाची जुळी होऊ शकतात, मग हिरावलं नेमकं कुणाचं? पण त्यानंतर हा आक्षेप उरत नाही, आणि बहुतेक गर्भपात त्यानंतरचेच. हे मोकळेपणाने मान्य कर.

खरा वेळ दे तो तत्त्वज्ञ जुडिथ जार्विस थॉमसन यांना. लेख १९७१चा, म्हणजे आपला गर्भपाताचा कायदा झाला त्याच वर्षीचा. त्या म्हणतात, गर्भाला जगण्याचा पूर्ण हक्क आहे असं मानूनच चला. तरी जगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं शरीर वापरण्याचा हक्क नव्हे. त्यांचं व्हायोलिनवादकाचं उदाहरण (जाग आल्यावर कळतं, एका आजारी वादकाला जगवायला त्याला आपल्या शरीराशी जोडलंय) आपल्याकडे परकं वाटतं; तू किडनीचं घे. मुलाच्या दोन्ही किडन्या गेल्यात, बापाची जुळते. त्याने द्यावी असं सगळ्यांना वाटेल, न दिली तर नातेवाईक तोंडही पाहणार नाहीत. पण कायदा त्याला टेबलावर झोपवू शकत नाही. 'मूल त्यानेच जन्माला घातलं ना?' हो, तरीही नाही. मग बाईलाच नऊ महिने सक्ती का? इथे हुशार श्रोता म्हणेल, बाप फक्त देत नाही, गर्भपातात मात्र मारलं जातं. हा फरक खरा आहे, झटकू नकोस. उत्तर असं की आधार काढून घेणं आणि मारणं यांतली रेघ गर्भारपणात पुसट होते, कारण आधार म्हणजे तिचंच शरीर. माझ्या मते हे उत्तर पुरतं. सगळ्यांना पटेल असं नाही.

यापुढचा प्रश्न आपल्याकडचाच: शरीर तिचं, तर मुलगी नको म्हणून गर्भपात का चालत नाही? सोनोग्राफी सेंटरमधली 'गर्भलिंग तपासणी होत नाही' ही पाटी वाचून गर्भपातच बेकायदा आहे असं कित्येकांना वाटतं, आणि बायका चोरून 'पिशवी साफ' करायला जातात. बंदी आहे ती लिंग तपासण्यावर: महाराष्ट्रात १९८८पासून, देशभर १९९४च्या कायद्याने. त्याच कायद्यात बाईवर नवऱ्याने वा नातेवाइकांनी सक्ती केली असंच गृहीत धरलंय, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे इथे अन्याय जिवंत बायकांवर आहे, आणि निवड म्हणतो ती तिची नसते. म्हणून टिपणातला 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द बदल. 'हत्या' म्हटलंस की फळ्यावरचा पहिला वाद तू आधीच हरलीस. 'लिंगनिवडीसाठी गर्भपात' लिही.

कायदा दोन मिनिटांत सांग. २०२१च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी चोविसापर्यंत दोघांचं. अठरा पूर्ण असतील तर संमती फक्त तिची. नवऱ्याची सही कायद्यात नाही, तरी मागितली जाते. हे ठासून सांग.

तासाभराचं बोलणं असेल तर निम्मा वेळ किडनीला दे. नवा खर्डा झाला की पाठव, लगेच वाचते.

तुझी,
शुभा