हरलेल्या लढतीची नोंद कोण ठेवतो?

महोदय,

जिल्हा मुष्टियुद्ध स्पर्धेत पहिल्याच लढतीत हरलेला मुलगा पुढच्या आठवड्यात सरावाला आला नाही, की बहुधा तो परत येतच नाही. घरचे म्हणतात, ‘त्याच्यात दम नाही.’ प्रशिक्षक दुसऱ्या मुलाकडे वळतो. तो नेमका कशामुळे हरला, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 मध्ये पोलंडमधून युवा जागतिक स्पर्धेचे सुवर्ण आणले. तेव्हा या शहरात गुणवत्ता नाही, असे कुणी म्हणू नये. गळती होते ती पहिल्या पराभवाशी.

मुष्टियुद्धात शैली आवडीने नव्हे, अंगकाठीवरून ठरते. उंच, लांब हातांचा मुलगा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारत लांबून फिरतो. बुटका, जाड मानेचा वाकत-झुकत आत शिरतो आणि बरगडीवर मारतो. तिसरा समोरच्याचा ठोसा चुकवून मग मारतो. हरायची जागाही शैलीतच असते. लांबून खेळणाऱ्याची पाठ दोरीला लागली की तो अडकतो, आत शिरणारा सरळ रेषेत गेला की अपरकट (खालून हनुवटीवर येणारा ठोसा) खातो. ठोशाची वाट पाहणाऱ्या तिसऱ्याला तर आपल्या हौशी स्पर्धेत तीन-तीन मिनिटांचे तीनच राउंड मिळतात. पहिला हातचा गेला, की उरलेले दोन्ही जिंकावे लागतात.

अमेरिकेचा व्यावसायिक मुष्टियोद्धा जो लुईस याचे उदाहरण प्रत्येक पालकाने ऐकावे. जॅब मारल्यावर त्याचा डावा हात हनुवटीशी परत न येता खाली पडायचा. जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने चित्रफिती पाहून हे हेरले आणि 19 जून 1936 रोजी त्याच फटीतून उजवा ठोसा मारत राहिला. चौथ्या राउंडमध्ये लुईस खाली बसला, बाराव्यात संपला. पुढच्याच वर्षी तो जगज्जेता झाला आणि 22 जून 1938 रोजी श्मेलिंगला त्याने 124 सेकंदांत हरवले. ब्रिटनच्या नसीम हमेदचे उलटे झाले. हात कंबरेशी सोडून, मागे झुकून ठोसे चुकवणे हीच त्याची ओळख होती. 2001 मध्ये मार्को अँटोनियो बरेराने त्याला बारा राउंड शांतपणे गुणांवर हरवले. त्यानंतर हमेद एकच लढत खेळला. जो फ्रेझरचा प्रकार आणखी वेगळा. 1971 मध्ये मुहम्मद अलीला हरवणारा हा मुष्टियोद्धा 1973 मध्ये जॉर्ज फोरमनसमोर दोन राउंडांत सहा वेळा पडला. त्याची आत शिरायची वाट फोरमनच्या अपरकटवरच जाऊन संपत होती. अशा पराभवात दोष शोधून मुलाची सगळी शैली बदलायला जाऊ नये.

डावा हात खाली पडणे हा आपल्याकडेही नेहमी दिसणारा दोष आहे. बाजूने मोबाइलवर चित्रण करून एका राउंडमध्ये हात किती वेळा खाली आला, ते मोजा. पुष्कळदा मूळ पायात असते. जॅबसोबत पुढचे पाऊल फार लांब पडले, की तोल पुढे जातो आणि तो सावरायला हात खाली येतो. पाऊल एका वितीवर आणा. मग पॅडवर (प्रशिक्षकाने हातात घालायच्या गादीवर) सराव घेताना प्रत्येक जॅबनंतर तुमच्या उजव्या हातातले पॅड हलकेच मुलाच्या डाव्या गालाकडे आणा. हात परत आला असेल तर पॅड ग्लोव्हवर लागेल, नसेल तर गालावर. ही सवय आठवड्यात जडत नाही, दोन-तीन महिने लागतात.

फक्त तिसऱ्याच राउंडमध्ये हात पडत असतील, तर आधी वजनाचे विचारा. एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हात रेनकोट घालून पळवून दोन दिवसांत तीन किलो उतरवलेल्या मुलाच्या अंगात पाणीच उरत नाही. त्याला ‘तंत्र कच्चे’ म्हणणे हा अन्याय आहे. त्याला वरच्या वजनी गटात खेळवा. आणि डोक्यावरच्या ठोशाने लढत थांबली असेल, तर किमान 30 दिवस स्पारिंगसुद्धा (सरावातली लढत) नको. ‘भीती मोडायला’ चौथ्याच दिवशी रिंगमध्ये उतरवणारे प्रशिक्षक मुलाच्या मेंदूशी खेळतात.

आयोजकांना दोन विनंत्या आहेत. पाचही पंच प्रत्येक राउंडला जिंकणाऱ्यास 10 आणि दुसऱ्यास 9 किंवा कमी गुण देतात. हा राउंडवार तक्ता हरलेल्याच्याही हाती द्यावा. 3-2 ने, म्हणजे पाचपैकी तीन पंचांच्या मताने हरलेल्या मुलाला त्यांतल्या एखाद्याने तीन राउंडांच्या बेरजेत 29-28 ने मागे टाकले असेल, तर त्या पंचाचे एका राउंडचे मत फिरले असते तरी निकाल उलटला असता, हे त्याला कळू द्या. दुसरे असे, की आपली स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे एकदा हरला की बाहेर. पहिल्या फेरीत हरलेल्याच्या वाट्याला वर्षाच्या तयारीनंतर नऊच मिनिटे येतात. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, तर दुसऱ्या दिवशी अशा मुलांच्या आपसात लढती लावाव्यात. रिंग उभीच असते, पंचही तिथेच असतात.

— मुष्टियुद्धाचे काही प्रशिक्षक, नागपूर