वेणीचा हिशेब

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर चपलेच्या पट्ट्यावरच्या वेणीचा विषय निघाला तेव्हा तू म्हणालीस, "त्यात काय मोजायचं, टीव्ही बघता बघता होतं की." तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. बोलायला घेतलं की बाबा "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय संपवतात, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून नीट वाचा.

या सत्रात आम्हाला कॉस्टिंग आहे. एक वस्तू निवडायची आणि तिच्या खर्चाचा तक्ता मांडायचा. वर्गातल्या बहुतेकांनी शर्ट, जीन्स घेतल्या. मी बाबांचा कापशी, म्हणजे कापशी घाटाच्या कोल्हापुरी चपलेचा, जोड घेतला. तळाचं कातडं, पट्ट्याचं कातडं, वादी, तेल, रंग, कापताना वाया जाणारा तुकडा, बाबांची मजुरी, सगळं भरलं. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं महाग का पडतं, तेही वर्गात मीच सांगितलं. रसायनानं थोड्या दिवसांत उरकणाऱ्या कामाला तिथं आठवडे जातात. मला फार अभिमान वाटत होता.

मॅडमनी तक्ता बघितला आणि पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, "ही वेणी कोण घालतं?" मी म्हटलं, आई. "मग तिची मजुरी कुठल्या रकान्यात आहे?"

आई, रकानाच नव्हता. मी लहानपणापासून तुझ्या मांडीशी बसून त्या पातळ पट्ट्या हातात देत आले, आणि तुझं काम मलाही दिसलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

बाबा, तुमचा भाव कसा ठरतो ते आता कळतंय. व्यापारी काय देईल ते आधी बघायचं आणि तेवढ्यात बसवायचं. गेल्या दिवाळीला त्यानं साडेआठशेनं नेले तसलेच जोड मी मुंबईत एका दुकानात 3400 ला बघितले. आधी संताप आला. मग शिकलेलं आठवलं: दुकानदार त्याच्या मार्क-अपमध्ये, म्हणजे खरेदीवर चढवलेल्या रकमेत, भाडं धरतो, नोकरांचा पगार धरतो, सेलमध्ये सोडावी लागणारी किंमत आणि न खपलेला मालही धरतो. तो स्वतःचं काहीच सोडत नाही. सोडतो ते आपण, आणि तेही आईचं.

2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा तुम्ही दोन दिवस धड जेवला नव्हता. 2019 पासून कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, मग असं कसं झालं, असं तुम्ही विचारत होता. जीआय नाव राखतो, बाबा. आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, यांच्याबाहेर बनवलेल्या चपलेला कोल्हापुरी म्हणून विकता येत नाही. पण कारागिराच्या हातात किती पडावेत, ते जीआय सांगत नाही. डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी प्राडाचा करार झाला, 2000 जोड, प्रत्येकी सुमारे 800 युरो. म्हणजे आपले ऐंशी हजारांच्या वर. आपल्याला त्या भावाची आशा नको. पण हातानं घातलेल्या वेणीला जगात किंमत आहे, एवढं तरी त्यावरून धरून चालूया.

माझी फी भरायला तुम्ही काय काय मागं ठेवलंत ते मला माहीत आहे. एखाद्या मोठ्या ब्रँडमध्ये नोकरी लागावी असं तुम्हाला वाटतं. दोन-तीन वर्षं करीनही, माल उचलणारे लोक कसा विचार करतात ते आतून बघायला. पण मला कोल्हापुरात, आपल्या सुभाषनगरातच परत यायचंय. हे आज पहिल्यांदाच सांगतेय, रागावू नका.

तोवर एक काम करा. आई, पुढचे दहा जोड करताना वेणीला बसलीस की घड्याळ बघ आणि माझ्या जुन्या वहीत वेळ लिही. मध्ये स्वयंपाकाला उठलीस तर तेवढा वजा कर. बाबा, व्यापारी आला तर चहा पाजा, पण भाव बोलू नका. मी शनिवारी रात्री कल्याणहून महालक्ष्मीनं निघतेय, रविवारी सकाळी घरी. तक्ता आपण तिघं मिळून भरू.

तुमची,
ताई